कारखाना, नगरपालिका आणि संसद : हडपसरच्या अण्णासाहेब मगर यांच्या सार्वजनिक जीवनाचा अन्वयार्थ

सारांश

हडपसरच्या शेतकरी समाजातून पुढे आलेले कै. अण्णासाहेब मगर हे थेऊर येथील यशवंत सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक, पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष आणि १९७७ मध्ये खेड मतदारसंघातून निवडून आलेले लोकसभा सदस्य होते. हडपसरच्या एका शेतकरी-उद्योजकाने शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या औद्योगिक नगरीचे पहिले नेतृत्व कसे केले, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखात शोधले आहे. विखुरलेली ग्रामीण साधने एका संस्थेच्या चौकटीत बांधणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. ज्या नागरीकरणामुळे त्यांनी घडविलेली नगरपालिका वाढली, त्याच नागरीकरणामुळे त्यांनी उभारलेल्या कारखान्याचा पाया डळमळीत झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : हडपसर, हवेली तालुका, सहकार, पिंपरी-चिंचवड, नगराध्यक्ष, जकात, नागरीकरण

१. प्रस्तावना

पुणे शहराच्या राजकीय इतिहासाचे लेखन बहुधा पेठांमधून सुरू होते आणि पेठांमध्येच संपते. टिळक, गोखले, आगरकर यांच्यापासून एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्यापर्यंतची परंपरा अभ्यासकांना सुपरिचित आहे. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याचे रूप ज्या शक्तींनी पालटले, त्यांपैकी अनेकींचा उगम शहराबाहेरच्या गावांत होता. कालव्याच्या पाण्यावर पिकणारा ऊस, सहकारी संस्था, औद्योगिक वसाहती आणि या सर्वांतून तयार झालेले ग्रामीण नेतृत्व यांचा विचार केल्याविना आजच्या पुणे महानगराची उपपत्ती लागत नाही.

अण्णासाहेब मगर हे या नेतृत्वाचे ठळक प्रतिनिधी होत. हडपसर येथील महाविद्यालय, पुणे महानगरपालिकेचे हडपसरमधील रुग्णालय, पिंपरीतील नेहरूनगरचे क्रीडांगण आणि मांजरीचा उपबाजार यांना त्यांचे नाव दिलेले आहे. नाव सर्वत्र दिसते, परंतु ते नाव या चार वेगवेगळ्या ठिकाणी का आहे, हे सांगू शकणारे विद्यार्थी थोडे असतात. नामफलकामागील इतिहास उलगडणे हे स्थानिक महाविद्यालयांतील अध्यापकांचे कर्तव्य आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखन केले आहे. हा लेख चरित्र नाही. एका सार्वजनिक जीवनातील तीन टप्पे आणि त्यांतील परस्परसंबंध एवढीच त्याची मर्यादा आहे.

२. हवेली तालुका : कर्तृत्वाची भूमी

हडपसर पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर, तर पिंपरी आणि चिंचवड वायव्येस मुंबई रस्त्यावर वसलेले आहेत. या दोहोंच्या मध्ये संपूर्ण पुणे शहर पसरलेले आहे. अशा स्थितीत हडपसरच्या कार्यकर्त्याने पिंपरी-चिंचवडची धुरा सांभाळावी, ही गोष्ट आज विसंगत वाटण्याचा संभव आहे. महसुली नकाशा पाहिला की ही विसंगती दूर होते. हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, थेऊर ही गावे आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे हवेली या एकाच तालुक्यातील होती. पुणे शहराला बहुतेक सर्व बाजूंनी वेढणारा हा तालुका एखाद्या कड्यासारखा आहे. त्याचे मुख्यालय पुणे शहरातच असल्याने पूर्वेकडचा शेतकरी आणि पश्चिमेकडचा शेतकरी कामानिमित्त एकाच कचेरीत येत असे.

महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ अन्वये १९६२ पासून पंचायत राज्यव्यवस्था सुरू झाली आणि तालुका हा केवळ महसुली घटक न राहता राजकीय नेतृत्वाच्या जडणघडणीचा घटक बनला. पंचायत समिती, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती आणि सहकारी कारखाना या संस्थांचे जाळे तालुक्याच्या पातळीवर विणले गेले. त्यामुळे ‘तालुक्याचा नेता’ ही संकल्पना रूढ झाली. अण्णासाहेबांचे नेतृत्व या अर्थाने हवेली तालुक्याचे नेतृत्व होते. आज शहरांच्या सीमांनी विभागलेला हा प्रदेश त्या काळी एकाच सामाजिक व राजकीय व्यवहाराचा भाग होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या वाटचालीचा उलगडा होत नाही.

३. शेतकरी-उद्योजक : सहकारातील उद्यमशीलता

अण्णासाहेबांचा उल्लेख ‘उद्योजक’ असा करताना या शब्दाचा स्थानिक अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. हडपसर परिसरातील शेती केवळ पोटापुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासला येथे धरण बांधले गेले. त्यातून निघालेला मुठा उजवा कालवा हडपसरवरून पूर्वेकडे गेला. कालव्याचे बारमाही पाणी, शहराची जवळची बाजारपेठ आणि सोलापूर रस्ता या तीन अनुकूल गोष्टींमुळे येथे ऊस, भाजीपाला, फळे अशा नगदी पिकांची शेती वाढली. बाजारभाव, भांडवल, वाहतूक आणि पतपुरवठा यांचे भान असणारा शेतकरीवर्ग येथे तयार झाला. तो वृत्तीने व्यावसायिक होता. मात्र एकेकट्या शेतकऱ्याला कारखाना काढण्याइतके भांडवल उभे करणे अशक्य होते.

ही उणीव सहकाराने भरून काढली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि ऊस उत्पादकांनीच कारखान्याचे मालक व्हावे, हा विचार प्रत्यक्षात उतरला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मुळे या चळवळीला कायद्याची भक्कम चौकट मिळाली. सभासदांचे भागभांडवल, राज्य शासनाचा भागभांडवलातील वाटा, वित्तसंस्थांचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि केंद्र शासनाचा परवाना अशा चार आधारांवर कारखाना उभा राहत असे. यांपैकी पहिल्या आधारासाठी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचा विश्वास संपादन करावा लागे. उरलेल्या तिन्हींसाठी मुंबई व दिल्ली येथे पाठपुरावा करावा लागे. म्हणजे कारखान्याच्या संस्थापकाला एकाच वेळी गावाची भाषा आणि सचिवालयाची भाषा अवगत असणे भाग होते.

हवेली तालुक्यातील ऊस उत्पादकांसाठी अण्णासाहेबांनी थेऊर येथे यशवंत सहकारी साखर कारखान्याची स्थापना केली. अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे स्थान असलेल्या थेऊरमुळे कारखान्याच्या परिसरास चिंतामणीनगर असे नाव मिळाले. कारखान्याचे महत्त्व साखरेच्या उत्पादनापुरते सीमित नव्हते. ऊसतोडणी, वाहतूक, कामगारांची वसाहत, परिसरातील व्यापार आणि शिक्षणसंस्था यांना कारखान्यामुळे चालना मिळते, हा महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा सर्वत्र आलेला अनुभव आहे. ज्यांच्यापाशी थोडीच जमीन होती, असा शेतकरीही भागधारक म्हणून वार्षिक सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकत होता. अण्णासाहेबांची उद्यमशीलता या प्रकारची होती. तिचा नफा व्यक्तीच्या खात्यावर नव्हे, संस्थेच्या ताळेबंदात दिसावा अशी अपेक्षा होती.

४. चार गावांची एक नगरपालिका

कारखान्याने विखुरलेला ऊस एकत्र आणला. पिंपरी-चिंचवडमध्ये प्रश्न वेगळा होता. तेथे उद्योग आले होते, परंतु त्यांना साजेशी नागरी संस्था नव्हती.

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील प्रकल्प स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी परिसरात विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र विकसित होऊ लागले. आकुर्डीत बजाज ऑटोचा, तर पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्कोचा कारखाना उभा राहिला. राज्याच्या सर्व भागांतून आणि राज्याबाहेरूनही कामगार येथे येऊ लागले. मात्र या लोकवस्तीच्या पाण्याची, सांडपाण्याची, रस्त्यांची आणि दिवाबत्तीची जबाबदारी स्वतंत्र ग्रामपंचायतींवर होती. ग्रामपंचायतींचे उत्पन्न तुटपुंजे आणि अधिकार मर्यादित होते. एका गावात कारखाना, दुसऱ्या गावात कामगारांची वस्ती आणि तिसऱ्या गावात सांडपाणी, अशा अवस्थेत कोणतीही एक ग्रामपंचायत समग्र नियोजन करू शकत नव्हती.

यावर उपाय म्हणून अण्णासाहेबांच्या पुढाकाराने पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या चार गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली आणि ते तिचे पहिले नगराध्यक्ष झाले. या निर्णयातील मर्म प्रशासकीय तसेच आर्थिक होते. त्या काळी जकात हा नगरपालिकांच्या उत्पन्नाचा प्रमुख स्रोत होता. नगरपालिका हद्दीत वापर, उपभोग किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर जकात आकारली जाई. मोठ्या कारखान्यांना लागणारा कच्चा माल एका नागरी हद्दीत येऊ लागला, की त्यातून मिळणारे उत्पन्न त्याच हद्दीतील कामगारवस्तीच्या सोयींसाठी वापरता येत असे. चार गावांभोवती एकच सीमा आखल्यामुळे उद्योगाची संपत्ती आणि नागरिकांची गरज यांची सांगड घातली गेली. पुढे ही संस्था आशिया खंडातील श्रीमंत स्थानिक संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली, त्या लौकिकाचे मूळ या सीमारेषेत आहे.

अर्थात एकत्रीकरणाची किंमतही होती. नगरपालिका झाल्यावर गावकीचे पारंपरिक अधिकार संपतात, कर वाढतात, गावठाणालगतच्या शेतजमिनीवर आरक्षणे पडण्याची शक्यता निर्माण होते. औद्योगिक क्षेत्रासाठी भूसंपादनाचा अनुभव घेतलेल्या शेतकऱ्यांना हे भय अवास्तव वाटणे शक्य नव्हते. अशा वेळी नेतृत्व स्वतः शेतकरी असणे याला विशेष अर्थ होता. जमीन गमावण्याची भीती ज्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही, त्याच्या शब्दावर गावकरी अधिक सहजपणे विश्वास ठेवतात.

नगरपालिकेच्या वाढीचा वेग विलक्षण होता. १९७१ च्या जनगणनेत सुमारे ८३ हजार असलेली लोकसंख्या १९८१ मध्ये २ लाख २० हजारांच्या आसपास गेली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९७ मध्ये आणखी १८ गावे समाविष्ट झाली आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर पोहोचली. चार दशकांत लोकसंख्या सुमारे वीसपट झाली, असा याचा अर्थ होतो.

५. नगराध्यक्ष आणि महापौर : एक खुलासा

अण्णासाहेबांचा उल्लेख काही ठिकाणी ‘पिंपरी-चिंचवडचे पहिले महापौर’ असा आढळतो. ही लोकव्यवहारातील भाषा आहे. कायद्याच्या दृष्टीने नगरपालिकेच्या प्रमुखास नगराध्यक्ष आणि महानगरपालिकेच्या प्रमुखास महापौर म्हणतात. १९७० मध्ये महानगरपालिका अस्तित्वात नसल्याने महापौरपदही नव्हते. महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाल्यानंतर ज्ञानेश्वर लांडगे हे पहिले महापौर झाले.

हा भेद केवळ पदनामाचा नाही. महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार प्रामुख्याने आयुक्तांकडे असतात आणि महापौरपद बव्हंशी मानाचे असते. नवजात नगरपालिकेच्या पहिल्या नगराध्यक्षाचे काम निराळे असते. त्याला कामकाजाचे प्रघात पाडावे लागतात, कर्मचारीवर्ग जमवावा लागतो आणि नागरिकांना कर भरण्याची सवय लावावी लागते. म्हणून ‘पहिले महापौर’ या बिरुदापेक्षा ‘पहिले नगराध्यक्ष’ हेच पद त्यांच्या कार्याचे अधिक यथार्थ वर्णन करते.

६. १९७७ : प्रवाहाविरुद्धचा विजय

आणीबाणीनंतर मार्च १९७७ मध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत केंद्रात काँग्रेसचा पराभव झाला. महाराष्ट्रातही काँग्रेसला ४८ पैकी २० जागाच मिळाल्या. पुणे जिल्ह्यातील चित्र आणखी बोलके होते. पुणे मतदारसंघातून मोहन धारिया आणि बारामतीतून संभाजीराव काकडे हे काँग्रेसविरोधी उमेदवार विजयी झाले. खेड मतदारसंघातून मात्र काँग्रेसचे अण्णासाहेब मगर निवडून आले.

या निकालाचा अन्वयार्थ लावताना एकाच कारणावर भर देणे योग्य नाही. उमेदवाराचे व्यक्तिगत संबंध, गटांचे गणित, विरोधकांची संघटनात्मक स्थिती या सर्वांचा परिणाम निवडणुकीवर होतो. तथापि, ज्या मतदारसंघात राष्ट्रीय लाट स्थानिक निष्ठांना ओलांडू शकली नाही, तेथे संस्थात्मक कार्याचा वाटा नाकारता येत नाही. ऊस घालणारा सभासद आपल्या उमेदवाराला घोषणांवरून नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या व्यवहारावरून ओळखत असतो.

सहाव्या लोकसभेत काँग्रेस प्रथमच विरोधी बाकांवर बसली. जानेवारी १९७८ मध्ये पक्ष दुभंगला, जुलै १९७८ मध्ये महाराष्ट्रात पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले आणि ऑगस्ट १९७९ मध्ये लोकसभा मुदतीपूर्वीच विसर्जित झाली. सत्तेच्या मार्गाने संस्था उभारण्याची सवय असलेल्या नेतृत्वाला संसदेत अडीच वर्षांपेक्षाही कमी, आणि तोही अस्थिरतेचा, काळ मिळाला. १९८० च्या निवडणुकीत खेडमधून रामकृष्ण मोरे निवडून आले. अण्णासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाचे मोजमाप संसदेतील कारकिर्दीवरून केले तर ते अपुरे ठरेल. त्यांचे खरे कार्यक्षेत्र तालुका हेच होते आणि संसद हे त्या कार्याला मिळालेले अनुमोदन होते.

७. तुलनात्मक दृष्टिक्षेप

उद्योगातून नगरपित्याच्या पदाकडे आणि तेथून संसदेकडे जाणारी वाट अन्यत्रही दिसते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे जोसेफ चेंबरलेन हे स्क्रू-उत्पादनाच्या व्यवसायातून पुढे आले, १८७३ ते १८७६ या काळात महापौर होते आणि १८७६ मध्ये पार्लमेंटवर निवडून गेले. गॅस व पाणीपुरवठा नगरपालिकेच्या मालकीचा करून त्यांनी शहराचा कायापालट केला. चेंबरलेन यांना शतकानुशतके वाढलेले शहर आणि चालती नगरपालिका हाती मिळाली होती. अण्णासाहेबांना आधी नगरपालिकाच घडवावी लागली.

पुण्यातील उदाहरणांशी तुलना केल्यास वेगळाच भेद समोर येतो. ना. ग. गोरे १९५७ मध्ये लोकसभेवर गेले आणि त्यानंतर पुण्याचे महापौर झाले. त्यांचे नेतृत्व समाजवादी विचार व स्वातंत्र्यलढ्यातून घडले होते. वंदना चव्हाण (महापौर १९९७-९८, राज्यसभा २०१२ ते २०२४) आणि मुरलीधर मोहोळ (महापौर २०१९ ते २०२२, लोकसभा २०२४) यांची वाटचाल महापालिकेच्या सभागृहातून झाली. अण्णासाहेबांच्या नेतृत्वाचा उगम विचारपीठात किंवा सभागृहात नव्हता, सहकारी संस्थेच्या सभासद-यादीत होता. पुणे परिसरातील नागरी नेतृत्वाच्या इतिहासात हा तिसरा प्रवाह स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे.

८. वारसा : एक वाढलेली, एक थबकलेली संस्था

अण्णासाहेबांनी उभारलेल्या दोन प्रमुख संस्थांचे भवितव्य परस्परविरुद्ध झाले. नगरपालिका महानगरपालिका झाली. जकातीची जागा २०१३ मध्ये स्थानिक संस्था कराने आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या भरपाईने घेतली, तरी संस्थेचे स्थान अबाधित राहिले. २०२० मध्ये कोविडच्या साथीत नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावरच तात्पुरते भव्य रुग्णालय उभारण्यात आले.

यशवंत कारखाना मात्र आर्थिक अडचणींमुळे २०११ च्या सुमारास बंद पडला. तो सुरू व्हावा ही सभासदांची मागणी पुढील अनेक वर्षे कायम राहिली. २०२४ मध्ये दीर्घ खंडानंतर संचालक मंडळाची निवडणूक झाली, तर २०२५ मध्ये कारखान्याची जमीन पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीला विकण्याच्या प्रस्तावावरून सभासदांत तीव्र मतभेद झाले. कारखान्याच्या अवनतीस व्यवस्थापन आणि कर्ज यांसारखी अनेक कारणे सांगितली जातात. त्यांच्या जोडीला एक दीर्घकालीन कारणही ध्यानात घ्यावे लागते. ज्या गावांच्या उसावर कारखाना उभा राहिला, त्या गावांतील शेतीच नागरीकरणाने आक्रसत गेली. कालव्याच्या पाण्यावर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा हक्क वाढत गेला. मांजरी बुद्रुकसारखे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले.

हडपसरमध्येच या बदलाला मिळालेला दुसरा प्रतिसाद मगरपट्टा सिटीच्या रूपाने दिसतो. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन विकासकाला न विकता एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले आणि स्वतःच नगर वसविले. संस्थेचा साचा सहकारी संस्थेचा नसून कंपनीचा आहे. परंतु विखुरलेली मालकी एकत्र आणून शेतकऱ्याला भागधारक करणे, ही कल्पना कारखान्याच्या काळापासून या मातीत रुजलेली होती.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) अण्णासाहेब मगर यांचे नेतृत्व हडपसर गावापुरते नव्हते. पुण्याभोवतीच्या हवेली तालुक्याच्या एकसंध राजकीय व्यवहारातून ते घडले.

(२) कारखाना आणि नगरपालिका या दोन्ही संस्थांमागे एकच कार्यपद्धती दिसते. पहिल्या संस्थेने ऊस व भागभांडवल, तर दुसऱ्या संस्थेने गावांच्या सीमा व कर एकत्र आणले. १९७७ चा विजय हा या संस्थात्मक विश्वासाचाही कौल होता.

(३) नागरीकरणाने नगरपालिका समृद्ध केली आणि शेतीवर आधारलेल्या कारखान्याचा पाया कमकुवत केला. एकाच व्यक्तीच्या कार्यात प्रगतीची ही दोन्ही अंगे एकवटलेली आहेत.

(४) स्थानिक नेतृत्वाचा अभ्यास नामफलक व गौरवपर भाषणे यांच्यापलीकडे नेण्याची आवश्यकता आहे. कारखान्याचे वार्षिक अहवाल, नगरपालिकेची इतिवृत्ते, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आणि ज्येष्ठ सभासदांच्या मुलाखती ही त्याची साधने होत. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल व वाणिज्य या विभागांनी एकत्रितपणे असे प्रकल्प हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना आपल्या परिसराकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळेल.

यशवंत कारखान्याच्या जमिनीचा प्रश्न हा शेवटी सभासदांच्या मालकीचा प्रश्न आहे. शेतकऱ्यांनी भाग गोळा करून उभारलेली संपत्ती शहर दाराशी आल्यावर कोणाच्या निर्णयाने आणि कोणाच्या हितासाठी वापरली जावी, हा प्रश्न हडपसरपासून थेऊरपर्यंतच्या गावांना सोडवावा लागत आहे. त्याची चर्चा व्हायची तर ती संपत्ती मुळात कशी उभी राहिली, याची नोंद अभ्यासकांनी सिद्ध करून ठेवणे अगत्याचे आहे.